अध्यक्ष शेवटी बोलतो

सिद्धोधन गुरुजींना सत्काराला नाही म्हणता येत नसे. पिंगळीच्या शाळेत उभी हयात गणित शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे हुकमी अध्यक्ष. शाल, श्रीफळ, हार आणि मग भाषण. त्यांच्या पत्नी धम्मशीलाबाई म्हणायच्या, "शाली ठिवायला जागा न्हाई, आता मलाच घराभाईर काडा."

म्हणून परभणीचा महारुद्र गावात आला तो थेट गुरुजींकडेच. तो रोबो विकत होता. रोबो म्हणजे मोबाईलमधला प्रोग्राम. शेअर आपोआप घेणार, आपोआप विकणार, आपण नुसता नफा मोजायचा. गुरुजींनी चष्मा लावून त्याचा तक्ता पाहिला. तोट्याचा एकही दिवस नव्हता. इतकं गुळगुळीत गणित त्यांनी फक्त कॉपीबहाद्दरांच्या पेपरात पाहिलं होतं.

"रोज नफा व्हायलाय, तर हे विकत कशाला फिरायलास?" त्यांनी विचारलं.

महारुद्र हसला. "मी गावात सभा घ्यायलोय, हेच तिथं विचारा की, गुरुजी. तुमीच अध्यक्ष व्हा."

गुरुजींना वाटलं, बरंच झालं, चारचौघांत याचं पितळ उघडं पाडू. इथंच ते फसले. आपल्याकडे अध्यक्ष सगळ्यांत शेवटी बोलतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शाल झाली, फोटो झाला, महारुद्र मनसोक्त बोलला. अध्यक्ष उठले तेव्हा मागं पोहे आले होते. गुरुजी माइकवर "पैसे भरू नका" म्हणत होते आणि गाव प्लेटांभोवती गर्दी करत होतं. पुढच्या दोघाचौघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

आठवड्यात स्टेशनच्या रस्त्यावर फलक लागला. रोबोच्या चित्राशेजारी शाल पांघरलेले, हसरे गुरुजी. महारुद्र फोन उचलेना. आपल्या तोंडाकडे बघून कोणकोण बुडणार, याची ते बोटांवर मोजदाद करत बसले. त्यातच धम्मशीलाबाई म्हणाल्या, "चतुराबाई बी रोबोत पैसे भरणार हाय म्हणं."

चतुराबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा वारलेला. लेक मनिषाला नर्सिंगला घालायचं म्हणून तिनं पै पै जोडली होती. गुरुजी तसेच उठून पळत सुटले.

चतुराबाई दारात तांदूळ निवडत होती. गुरुजींनी पैशांचं विचारताच ती म्हणाली, "भरले की, गुरुजी! मनिषाच्या फीचे समदे. बगा, वाढायलेत!" तिनं मोबाईल पुढं केला. आकडा खरंच वाढला होता.

"थोडे काड. आत्ता, माझ्यासमोर."

तिनं बोट टेकवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अक्षरं उमटली: पैसे काढायचे असतील तर आधी आणखी रक्कम भरा.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. "चतुराबाई, गेले हे. आता एक रुपया भरू नको. लबाडी हाय ही."

तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. इतक्या वर्षांत असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"तुमचे वाढले ना, गुरुजी? फोटो काय उगंच लावलाय? मंग मलाच का अडवायलाव?"

"माझे न्हाईतच त्यात!"

तिला ते पटलं नाही. ती आत गेली, कानातली सोन्याची फुलं काढून रुमालात बांधून आली. एवढी मोडून पैसे भरले की अडकलेले सगळे सुटतील, असं तिनं ठरवून टाकलं होतं. गुरुजी दारात आडवे उभे राहिले.

"सरका," चतुराबाई म्हणाली.

ते सरकले नाहीत. पण आपण असं किती वेळ उभं राहू शकणार, याचीच त्यांना भीती वाटत होती.