बसला त्याला पान

मला शिकवता येतं. ही फुशारकी वाटली तरी वाटू दे, या वयात मला कोण काय म्हणणार आहे? पण मी सगळ्यात चांगलं ज्यांना शिकवलं, ती माझ्या बालवाडीतली मुलं नव्हती. ते पाच जण होते, सगळे माझ्यापेक्षा वयानं मोठे, आणि त्यांतला एक माझा सख्खा भाऊ.

दादा तेव्हा तिशीचा होता. अंगानं धडधाकट, बोलणं मात्र दोन-चार शब्दांचं, आणि डोक्यात एका वेळी एकच गोष्ट बसायची. गावात त्याला सगळे 'येडं' म्हणत. त्यात राग नसायचा, अगदी सहज म्हणत, आणि मला त्या सहजपणाचाच संताप यायचा. एकदा बाजाराच्या दिवशी तो एकटाच घाटंजीला चालत गेला होता आणि तिथं लोकांनी त्याला दिवसभर नाचवला होता. तेव्हापासून माय कापूस वेचायला आणि मी बालवाडीत, अशा दोघी निघालो की त्याला आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप लागायचं. कुलूप मायनं आणलं होतं, पण रोज लावायची मीच. परत आलो की तो दाराला पाठ लावून बसलेला असायचा. भांडायचा नाही. भांडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

धर्मांतर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. वस्तीत विहाराचं बांधकाम चाललं होतं आणि तोवर दर रविवारी कुडाच्या मांडवात वंदना व्हायची. वंदना झाली की लोक घरी जायचे, दादा मात्र बसून राहायचा, कारण तिथं दाराला कुलूप नव्हतं. दारच नव्हतं. त्याच्यासारखे आणखी चौघं मागं राहतात हे हळूहळू माझ्या ध्यानात आलं. एक मावशी होत्या, चाळिशीच्या, भावाच्या घरी राहायच्या. एक उंच गडी होता, त्याला पाण्याचे दोन हंडे दोन हातांत सहज नेता यायचे, पण कुठं नेऊन ठेवायचे ते सांगावं लागायचं. आणि दोघं भाऊ होते, एकमेकांना सोडून कुठं जायचे नाहीत. रिकामं बसलेलं माणूस मला बघवत नाही. मी पळसाची पानं आणली, बांबूच्या बारीक काड्या आणल्या आणि म्हटलं, चला, पत्रावळी लावू.

मावशी चार रविवारांत माझ्यापेक्षा चांगल्या पत्रावळी लावायला लागल्या. पानांची थप्पी उंच व्हायला लागली, तेव्हा प्रश्न आला की यांचं करायचं काय. म्हणून आम्ही पंगत बसवायला लागलो. घरून थोडं थोडं आणायचं, दोघांनी वाढायचं, बाकीच्यांनी बसायचं, मग पाळी बदलायची.

सुरुवातीला माझं चुकलं. पान मांडायचं, मीठ कुठं, भाजी कुठं, वरण कधी, सगळं मी एका दमात सांगायची. दादाच्या हातून वरण सांडलं, दुसऱ्यांदा सांडलं, आणि तिसऱ्यांदा मी पळी भिरकावून दिली. मग दोघा भावांतला थोरला उठला, त्यानं पळी उचलली, धुतली आणि माझ्या हातात आणून दिली. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून आठवते. पुढच्या रविवारपासून मी एका वेळी एकच नियम सांगायला लागले आणि तो पक्का झाल्याशिवाय दुसरा काढला नाही.

पहिला नियम होता, बसला त्याला पान. कोण बसला, कुठं बसला, ते बघायचं नाही.

दुसरा नियम मावशींमुळे झाला. त्या भरल्या पानाकडे बघत नुसत्या बसून राहायच्या. भावजयीच्या घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायची सवय, त्यामुळे कुणी 'घे' म्हटल्याशिवाय हात लावायच्या नाहीत, आणि एकदा तशाच उपाशी उठल्या. म्हणून दादाला मी ते काम दिलं. सगळ्यांना वाढून झालं की पंगतीतून फिरायचं. हात न लागलेलं पान दिसलं की तिथं उभं राहायचं, 'घे' म्हणायचं, आणि पहिला घास तोंडात गेल्याशिवाय हलायचं नाही. हे दादाला इतकं आवडलं की घरीही तो मायसमोर उभा राहायला लागला. तिसरा नियम लहानसा होता. वस्तीतली काही म्हातारी माणसं पौर्णिमेला उपास धरायची, तर कुणी 'उपास' म्हटलं की गूळ-शेंगदाण्याची परात घेऊन यायची.

वर्षभर हे चाललं. विहार बांधून झाला, पौर्णिमेला जेवण ठरलं, तेव्हा मी पंचांतल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे गेले. त्यांना आम्ही आबाजी म्हणायचो. म्हटलं, या दिवशी माझे पाच जण वाढतील.

"पोरी, लोक जेवाले येतात, तमाशा पाहाले नाई," आबाजी म्हणाले.

"तमाशा झाला तं मले सांगा, आबाजी. पुन्हा नाव नाई काढनार."

"झाला तं मंग ज्याले त्याले आपापल्या घरी बसवाचं. तुह्या भावालेबी."

मी हो म्हटलं. माझ्या माणसांची मला खात्री होती. पण घरी बसवायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, कुलपाची किल्ली माझ्याच पदराला होती.

पौर्णिमेला दुपारी विहारापुढच्या मांडवात पंगती बसल्या. वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी. मावशींच्या पत्रावळींतून वरणाचा थेंब गळत नव्हता. उंच गडी पाणी घालत होता, दोघं भाऊ भात आणि पोळी घेऊन मागेपुढे चालत होते, दादा पानं मांडून वरण वाढत होता. दोन पंगती उठल्या आणि कुठं ओरड नाही, सांडलवंड नाही. आबाजी खांबाला टेकून बघत होते. मी त्यांच्याकडे मुद्दाम बघत नव्हते, बघितलं असतं तर हसू आलं असतं.

तेवढ्यात गावचे पाटील आले. विहाराच्या भरावासाठी मुरूम आणायला त्यांनी आपल्या बैलगाड्या दिल्या होत्या, म्हणून पंचांनी त्यांना आवर्जून बोलावलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण अशा पाहुण्याचं काय करायचं ते वस्तीत ज्याला त्याला माहीत होतं, सांगावं लागत नव्हतं. पंगतीपासून जरा लांब बाज टाकायची, तिच्यावर धुतलेली चादर घालायची, आणि हातावर अख्खी सुपारी ठेवायची. अख्खीच, आमच्या अडकित्त्यानं कातरलेली नव्हे. पाणी विचारायचं नाही, म्हणजे त्यांना नको म्हणायची पाळी येत नाही. मग ते दोन शब्द बोलून उठून जात, आणि आपण त्यांचे आभार मानायचे.

पाटील बाजेवर बसले. तिसरी पंगत बसत होती. दादा पानं मांडत शेवटपर्यंत आला, त्यानं मान वर केली आणि त्याला बाजेवर बसलेला माणूस दिसला.

बसला त्याला पान. दादा सरळ तिकडे गेला आणि पाटलांच्या शेजारी चादरीवर त्यानं पत्रावळ मांडली.

मी दोन पावलं पुढं झाले. खोटं कशाला सांगू, त्याला ओढून आणायलाच निघाले होते. मग थांबले. एखादी गोष्ट चुकली असं दादाला एकदा सांगितलं की तो ती जन्मात पुन्हा करायचा नाही, आणि हे चुकलं असं मी त्याला कोणत्या तोंडानं सांगणार होते? नियम माझा होता. त्या बाजेचा नियम मी त्याला कधी शिकवलाच नव्हता, कारण तो नियम आहे हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

पाटील हसले. "असू दे बाबा. मले उपास हाय आज."

'उपास' ऐकल्याबरोबर दादा वळला आणि गूळ-शेंगदाण्याची परात घेऊन आला. पत्रावळीवर गुळाचा खडा ठेवला, मूठभर दाणे ठेवले. मग पंगतीतल्या बाकीच्यांना वरण वाढलं, सगळीकडून एक फेरी मारली, आणि हात न लागलेलं एकच पान उरलं होतं तिथं येऊन उभा राहिला.

"घे," दादा म्हणाला.

पंगतीतल्या लोकांचे हात पानावर थांबले. आबाजी खांबापासून सुटून उभे राहिले होते, त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्या हातात किल्ली होती, ती मी कधी पदरातून काढली ते मला कळलं नव्हतं.

पाटलांनी इकडे तिकडे बघितलं. कुणीतरी पुढं येऊन या माणसाला घेऊन जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. कुणी गेलं नाही. मीही नाही.

"घे," दादा पुन्हा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मावशींना म्हणायचा तसाच म्हणाला. त्याला घाई नव्हती, तो तिथं दिवेलागणीपर्यंतही उभा राहिला असता.

पाटलांनी खाली बघून गुळाचा खडा उचलला. थोडा वेळ तो त्यांच्या बोटांत राहिला, मग त्यांनी तोंडात टाकला. वर दोन दाणे टाकले. दादानं त्यांचं तोंड हललेलं बघितलं आणि तो वरणाचं भांडं घेऊन पंगतीत निघून गेला. त्याच्या दृष्टीनं काही झालंच नव्हतं. मी विहाराच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं, आणि मी लोकांसमोर रडत नाही.

त्या दिवसानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. पाटलांनी पाणी मागितलं नाही आणि पुढं कधी ते पंगतीत येऊन बसले नाहीत. पण पानावरचे दाणे त्यांनी सगळे खाल्ले. उठताना आबाजींना विचारलं, "कोनाचा हो हा?"

मी अंग चोरलं. 'येडं हाय ते', हे उत्तर मला पाठ होतं, लहानपणापासून तेच ऐकलं होतं.

आबाजींनी पंगतीत फिरणाऱ्या दादाकडे बघितलं. "तो?" ते म्हणाले. "तो आमचा वाढपी हाय."

त्या वर्षी वस्तीत जेवढी लग्नं लागली तेवढ्या घरांतून दादाला आणि माझ्या चौघांना वाढायला बोलावणं आलं, आणि वेचणीच्या दिवसांत तो दिवसभर विहारात मावशींसोबत पत्रावळी लावत बसायचा. कुलूप मायनं मग ज्वारीच्या पेटीला लावलं.