हॉर्नचा उपास

जोगेश्वरीच्या सिग्नलला रोज सकाळी ते माझ्या स्कूटरशेजारी येऊन थांबायचे. साठीचे ख्रिस्ती अंकल, जुनी मोटारसायकल, आरशाला बांधलेली जपमाळ. हॉर्न असा वाजवायचे की समोरच्या बसचा ड्रायव्हरही दचकायचा.

एका बुधवारी ते कपाळावर राखेची फुली घेऊन आले आणि हॉर्न एकदम गप्प. रिक्षा आडवी घुसली तरी त्यांनी नुसते दात आवळले. मी विचारलं, "अंकल, हॉर्न बिघडला काय?"

"ईस्टरपर्यंत उपास आहे. मटण तर सगळेच सोडतात, मी हॉर्न सोडला." त्यांनी हँडलखाली लोंबणारी वायर दाखवली. "स्वतःवर भरवसा नाय ना, म्हणून कापूनच टाकली."

मला जरा लाजच वाटली. श्रावणात मी मटण सोडतो, पण रस्त्यावरच्या शिव्या चालूच असतात.

सिग्नल हिरवा झाला. पुढचा रिक्षावाला फोनवर बोलत तसाच उभा. अंकलचा अंगठा दोनदा त्या मुक्या बटणावर गेला. ओठ पुटपुटले, बहुतेक प्रार्थना असावी. मग ते माझ्याकडे वळले.

"तुझा उपास नाय ना?"

"नाही."

"मग वाजव की. जोरात वाजव."

ईस्टरपर्यंत अंकलनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. माझं बटण मात्र दोनदा बदलावं लागलं.