मेव्हणीची शिवणाची खोली

माझ्या मोठ्या मेव्हणीने आजवर या पृथ्वीतलावर एकही वस्तू आहे तिथे सुखाने राहू दिलेली नाही. ग्रहताऱ्यांपर्यंत हात पोचत नाही म्हणून ते वाचले, नाहीतर ध्रुवतारासुद्धा "तिथे काही शोभत नाही" म्हणून त्यांनी एव्हाना खिडकीशी आणून ठेवला असता. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. जळगावच्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन हारतुरे सुकायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "आता मला शिवणासाठी माझी स्वतःची खोली पाहिजे." घरातली मागची खोली रिकामीच होती. तिचे स्वस्थपणाचे दिवस त्या संध्याकाळी संपले, आणि माझेही.

मी धुळ्याला राहतो. रविवारी सकाळी जरा पाय पसरून पेपर उघडावा, तर फोन वाजणार आणि पलीकडून अत्यंत गोड आवाज येणार, "पाहुणे, आज काही विशेष नाही ना? मग जरा येऊन जा." आता आमच्याकडे पाहुणा म्हटलं की त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, पोहे देतात. अक्का मला पाहुणे म्हणतात आणि कपाटाचं एक टोक देतात. दुसरं टोक त्यांचे यजमान, म्हणजे आमचे साडू नाना, आधीच धरून उभे असतात. जळगावच्या उन्हात एस.टी.तून उतरून, घामाघूम होऊन मी दारात पोचलो की नाना माझ्याकडे अशा नजरेने बघतात की बस, मला माझं दुःख विसरायला होतं. शिवणयंत्र पूर्वेच्या खिडकीशी ठेवलं तर सकाळी डोळ्यांवर ऊन येतं, पश्चिमेला ठेवलं तर दुपारी पाठ भाजते, मधोमध ठेवलं तर पंख्याच्या वाऱ्याने कापड उडतं, आणि पंखा बंद केला तर अक्का उडतात. त्या जुन्या यंत्राचा लोखंडी पाय इतका जड आहे की तो ओतणाऱ्याच्या मनात आमच्याविषयी नक्की काहीतरी राग असावा.

या सगळ्याच्या मुळाशी एक गाठोडं आहे, ते आधी सांगायला हवं. माझी सासू चोपड्याकडची. जन्मभर शेतात राबलेली, शेवटपर्यंत नऊवारी लुगडं नेसलेली. त्यांच्या घराण्यात रीत अशी की आई गेली की तिची लुगडी कुणाला वाटायची नाहीत, टाकायची तर नाहीतच. मुलींनी त्यांच्या गोधड्या शिवायच्या आणि पहिली कात्री थोरल्या लेकीने लावायची. सासूबाई गेल्या तेव्हा लुगड्यांचं गाठोडं अक्कांकडे आलं. दोन लेकी, दोन गोधड्या. अक्कांसारख्या बाईला हे काम ते काय? पण अक्का म्हणाल्या, "आईच्या लुगड्यांना कात्री लावायची म्हणजे जमिनीवर कुठेतरी पसरून नाही चालणार. आधी खोली नीट लागू दे." आणि तेव्हापासून खोली लागते आहे. दर वेळी कपाट हलवायच्या आधी अक्का ते गाठोडं स्वतः काढून छातीशी धरून उभ्या राहतात, आणि सगळं हलवून झालं की सर्वांत शेवटी आत ठेवतात. त्याला हात लावायची आमची काय बिशाद.

बाकी खोली त्यांनी लावली मात्र अशी की बघत राहावं. मोबाइलवर परदेशातल्या बायकांच्या शिवणाच्या खोल्यांचे व्हिडिओ त्या बघतात आणि "एवढं घर आणि एक बटण जागेवर नाही" असं म्हणून त्यांची कीव करतात. शेजारच्यांच्या पाइपांच्या दुकानातले उरलेसुरले तुकडे आणून त्यांनी भिंतभर चिकटवले आणि प्रत्येक नळीत एकेका कापडाची गुंडाळी घातली. ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीवर लेस गुंडाळली. केळीच्या खोक्यांना आतून साडीचं अस्तर लावून त्यात चिंध्या ठेवल्या, रंगाप्रमाणे. मग रंगाप्रमाणे नको, पोताप्रमाणे म्हणून पुन्हा सगळ्या काढल्या. एकदा त्यांनी घरभर एकसारख्या बरण्या आणल्या, स्वयंपाकघरातही त्याच आणि शिवणाच्या खोलीतही त्याच. त्या दिवशी मी जेवायला होतो. अक्कांनी वरणाला फोडणी टाकली, मोहरी काही तडतडेना. त्यांनी गॅस मोठा केला, तरी तडतडेना. शेवटी तशीच फोडणी ओतली. पहिल्या घासाला नानांच्या दाताखाली करकन आवाज झाला. त्यांनी बोटाने काळा मणी काढून ताटाच्या कडेला ठेवला, मग दुसरा ठेवला आणि म्हणाले, "औंदाची मोहरी जरा निबर शे." नाना जन्मभर डाळमिलमध्ये नोकरीला होते. डाळीतले खडे बघण्यात हयात गेलेला माणूस, तो मण्यांना काय भिणार?

नानांची तर त्या घरात कायमची जागाच उरली नव्हती. त्यांची वेताची खुर्ची दर आठवड्याला दुसरीकडे असायची. कधी गॅलरीत, कधी जिन्याखाली, एकदा तर खुर्चीवर लोकरीची टोपली आणि नाना पायरीवर. "मन्ही खुर्ची कोठे शे?" असं विचारत ते घरात फिरायचे आणि आतून उत्तर यायचं, "अहो, बसायचंच आहे ना तुम्हाला? बसा की कुठेही." अक्कांना स्वतःला बसणं माहीतच नाही. चहासुद्धा त्या उभ्याने पितात, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात मापाची टेप. बोलता बोलता तुमच्या मागच्या भिंतीचं माप घेतलं जातं आणि तुम्हाला कळतं की आता उठायला हवं.

या सगळ्यात माझी बायको मात्र धुमसत होती. ती धाकटी, तिला आधी कात्री लावता येत नाही. धुळ्याला थंडी पडायला लागली की कपाटातून रग काढताना ती हमखास म्हणायची, "मी काय नवी पैठणी मागतेय का? आईच्या लुगड्याखाली झोपायचंय मला, एवढंच. ती लुगडी अशीच विरून जाणार आणि अक्का पाइप चिकटवत बसणार." पुढे पुढे तिने अक्कांना फोन करणं कमी केलं. दोघी बहिणी कधी भांडल्या नव्हत्या, त्या आता नुसती खुशाली विचारायला लागल्या. मला हे कपाट उचलण्यापेक्षा जड जात होतं.

शेवटी दिवाळी झाल्यावर एका रविवारी बायको माझ्याबरोबर जळगावला आली. खोली पूर्ण झाली होती. खरंच पूर्ण झाली होती. रिळं जागेवर, कात्र्या जागेवर, टेबलावर मऊ कांबळं अंथरलेलं, खिडकीतून चांगला उजेड येत होता. हलवण्यासारखं काही शिल्लक नाही हे अक्कांनाही दिसत होतं. त्या उगाच एक बरणी पुसत राहिल्या. बायको म्हणाली, "अक्का, आता?"

अक्कांनी कपाटातून गाठोडं आणलं आणि सोडलं. वरच्या लुगड्यांचं काही नव्हतं, ती त्यांनी भराभर बाजूला केली. सगळ्यांत खाली एक जांभळं होतं, रोजच्या नेसण्यातलं, काठ विरलेला. त्याच्या पदराला केळीच्या चिकाचे मोठे तपकिरी डाग. हा चीक एकदा लागला की काही केल्या जात नाही. घड कापून आलं की सासूबाई त्याच पदराला हात पुसायच्या आणि मग त्याच पदराने लेकींची तोंडंही पुसायच्या. बायकोने तो पदर हातात धरला. हळूच म्हणाली, "बाकीचं सगळं तुला राहू दे. हा डागाचा भाग तेवढा मला दे."

अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तोच मला पाहिजे, बाई. मी थोरली. माझ्या हातात कात्री आहे, म्हणजे मी घेईन तो माझा. म्हणून तर इतके दिवस लावली नाही."

मला त्या दोघींकडे बघवेना. मी पटकन उठलो आणि म्हणालो, "अक्का, हे टेबल इथे बरोबर वाटत नाही. तिकडे सरकवू या का?" नानांनी तर लगेच टेबलाचं टोक धरलंसुद्धा. अक्कांनी आमच्या दोघांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "राहू द्या, पाहुणे," त्या म्हणाल्या, "टेबल बरोबर आहे."

मग त्यांनी पदर कांबळ्यावर पसरला, हाताने सारखा केला आणि सर्वांत मोठ्या डागाच्या बरोबर मधून कात्री घातली. अर्धा डाग बायकोच्या ओंजळीत ठेवला. बायको त्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, खुर्चीवर बसल्या.

दोन्ही गोधड्या झाल्या. आमच्याकडची बायकोच्या अंगावर असते, आणि डागाची बाजू ती उशाकडे घेते, मला बोलायची सोय नाही. बहिणी फोनवर पुन्हा तासन्‌तास बोलतात. जळगावची ती खोली तेव्हापासून जशीच्या तशी आहे. शिवणयंत्र हललं नाही, कपाट हललं नाही, नानांची खुर्चीही म्हणे एकाच कोपऱ्यात आहे आणि त्यांना तिथे झोप लागत नाही. रविवारी माझा फोन वाजत नाही. पेपर सगळा वाचून होतो, जाहिरातींसकट. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण मग करमेना. मागच्या रविवारी मीच फोन केला आणि विचारलं, "अक्का, काही हलवायचं बिलवायचं आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, पाहुणे. आईचं काम झालं, आता हात कुठे लावावा तेच सुचत नाही." आणि मी ठेवतो म्हणायच्या आत हळूच म्हणाल्या, "पण हलवायचं नसलं तरी येत जा."

मी दुपारची एस.टी. धरली.