दस्तगीर मिस्त्रींचा तिसरा ब्लॉक

दस्तगीर मिस्त्रींकडे गाडी घेऊन गेलेल्या माणसाला आधी गप्प बसावं लागे. तो "मिस्त्री, चढाला दम खातीय..." असं सुरू करायचा, की मिस्त्री हात वर करून त्याला थांबवायचे. मग पान्याच्या टोकानं इंजिनावर चार ठिकाणी टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "हं, आता सांगा. न्हाय सांगितलं तरी चालंल. मालक सगळं सांगतो, आपली चूक तेवढी गाळतो." एका मामलेदारसाहेबांना त्यांनी असं भर उन्हात उभं केलं होतं. साहेब तणतणले, पण गाडी सुरू झाल्यावर मिस्त्रींना चहा पाजून गेले.

उद्यमनगरात त्यांची शेड आणि माझी फौंड्री यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत होती. मी शेतीच्या पंपांच्या बॉड्या ओतायचो, आणि माझा डोळा होता मिस्त्रींच्या शेडच्या कोपऱ्यावर. तिथं तरटाखाली तीन इंजिनांचे ब्लॉक पडून होते. ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्याच्या पोटात खाली-वर होतात ते बिडाचं, ओतीव लोखंडाचं धूड. संस्थान गेलं तरी काही सरदार मंडळींकडे दोघांपुरत्या, उघड्या टपाच्या विलायती स्पोर्ट्‌स गाड्या राहिल्या होत्या. पुढं पेट्रोल परवडेना, सुटे भाग मिळेनात, तेव्हा त्यांनी त्यांत डिझेल इंजिनं बसवून घेतली. ते काम मिस्त्रीच करत आणि करताना कुरकुरत, "वाघाच्या छातीत म्हशीचं काळीज बसवतोय." काढलेले ब्लॉक मालकांनी त्यांच्याकडेच टाकले. तसलं जुनं बीड भट्टीला फार चांगलं. मी दरवर्षी मागायचो आणि ते दरवर्षी म्हणायचे, "बापू, अजून जित्ती हायत ती."

एका साली जागामालकानं दिवाळीपर्यंत शेड मोकळी करायला सांगितली. मिस्त्री तेव्हा साठीच्या पुढं गेले होते. मोजकी हत्यारं ठेवून बाकीची त्यांनी हाताखालच्या गड्यांना वाटून टाकली. राहिले ब्लॉक. भंगारवाला आला आणि म्हणाला, "तिन्ही एकदम उचलतो." त्याला मिस्त्रींनी बसवून चहा दिला आणि वाटेला लावला. त्यांच्या मते तिघांचा न्याय वेगवेगळा व्हायला हवा होता. पहिला ब्लॉक त्यांनी तीन दिवस करवत चालवून उभा चिरला आणि तंत्रशाळेला दिला. "पोरांना आतनं दिसू दे." दुसरा माझ्या दारात आणून टाकला. "हा तुझा. पर ह्याचं पंपच ओत. जन्मभर पाणी प्यालाय, आता जरा शेतकऱ्याला पाजू दे." तिसऱ्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. मिस्त्री नमाजी माणूस, पण हत्याराची पूजा त्यांनी कधी चुकवली नाही. ऐरण, पाने, जॅक, सगळ्यांना झेंडू वाहिला. तिसरा ब्लॉक तसाच. ते विसरले असतील म्हणून मी एक फूल उचललं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्येला नगं. त्येचा मान मी घालवलाय."

मग खाली बसून त्यांनी जे सांगितलं ते माझ्याआधी कुणालाही सांगितलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी ते कसबा बावड्याच्या एका सरकारांच्या पदरी होते. सरकारांना स्वतः गाडी हाणायचा भारी शौक. एकदा गगनबावड्याहून येताना गाडी उकळली. सरकार झाडाखाली जाऊन बसले. अशा वेळी इंजिन निवेपर्यंत थांबायचं असतं, हे शिकाऊ गड्यालाही कळतं. पण सरकारांना घाई होती आणि मिस्त्रींना त्यांच्यापुढं मिरवायचं होतं. त्यांनी ओढ्याचं गार पाणी आणून तापल्या इंजिनात ओतलं. आत 'टक्‌' झालं. ह्याच ब्लॉकला वीतभर चीर गेली, म्हणून त्या गाडीतही पुढं डिझेल इंजिन बसलं.

"सरकारांनी इचारलं, काय झालं? मी म्हणलो, गाडी लई ताणली सरकार तुमी." मिस्त्री जमिनीकडे बघत होते. "त्यांनी खरं मानलं. त्या दिसापासनं चाकाला हात लावला न्हाई. डायवर ठिवला. आता ह्यो ब्लॉक नीट करणार, आन् नेऊन सांगणार. त्यांचं वय झालंय. उशीर करून चालायचं न्हाय."

मला वाटलं, भावनेच्या भरात बोलले, उद्या विसरतील. मी त्यांना अजून ओळखलं नव्हतं. बीड वेल्डिंगला दाद देत नाही, एक चीर भरली की शेजारी दुसरी उमटते. म्हणून त्यांनी ते शिवायला घेतलं. चिरेवर बारीक भोक पाडायचं, आटे पाडायचे, पोलादी स्क्रू पिळून बसवायचा, वरून कापायचा, हातोडीनं दाबायचा. पुढचं भोक त्या स्क्रूची कड खात पाडायचं. असं वीतभर. शेड सुटली तेव्हा ब्लॉक माझ्या फौंड्रीत आला. शिवून झाल्यावर त्यांनी चिरेवर खडू फासला, आत पाणी भरून हवेचा दाब दिला. खडू ओला झाला. सगळे स्क्रू काढून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा खडू ओला. मी म्हणालो, "मिस्त्री, माणूस तेवढा भेटून सांगा की! ब्लॉक कशाला पाहिजे?"

"नुसत्या तोंडानं खोटं बोललोतो काय? हातानं बी मोडलंय. दोनी भरून द्याला पायजे."

तिसऱ्या वेळी खडू कोरडा राहिला. मिस्त्री तासभर त्याच्यासमोर उकिडवे बसून होते. मग त्यांनी जपून ठेवलेले पिस्टन, क्रँक, हेड, सगळं चढवलं आणि टेंपो बोलावला. मीही सोबत गेलो.

सरकार व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. मिस्त्रींनी मुजरा केला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "सरकार, गाडी तुमी ताणली न्हवती. गार पाणी मी वतलं. खोटं बी मीच बोललो."

सरकारांनी आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले. मग म्हणाले, "वीस वर्षं मी स्टीअरिंगला हात लावला नाही, दस्तगीर. आज गाडी मारली, उद्या माझ्या हातून एखादा माणूस मरेल अशी धास्ती घेतली. आणि तू दर दसऱ्याला इथं सोनं द्यायला येत होतास."

"व्हय सरकार."

"चालता हो. पुन्हा ही पायरी चढू नकोस."

मिस्त्रींनी इंजिन व्हरांड्याच्या कडेला ठेवून घेतलं, पुन्हा मुजरा केला आणि निघाले. वाटेत मीच चिडलो. म्हटलं, एवढे महिने मरमर मेलात आणि शेवटी मिळवलं काय? होता तो माणूसही तुटला.

"माझी चूक ते वागवत हुते, बापू," मिस्त्री म्हणाले. "आज माझी मी घिऊन आलो." मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या शेजारी बसल्याचा अभिमानही वाटत होता.

सरकारांनी त्यांना नंतर कधी बोलावलं नाही. मिस्त्री आणखी चार वर्षं जगले. शेड नव्हती, तरी रोज सकाळी शिवाजी पेठेतून सायकल मारत माझ्याकडे येऊन बसायचे. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही असेच फौंड्रीच्या दारात चहा घेत होतो. कोपऱ्यावरून एक आवाज आला. डिझेलची खडखड नव्हती ती. मिस्त्रींची बशी हातातच राहिली. उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी वळणावर आली. स्टीअरिंगवर सरकार स्वतः होते, शेजारची जागा रिकामी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. वळण घेतलं, गिअर टाकला आणि गेले.

"थांबले नाहीत," मी म्हणालो.

"कशाला थांबतील? आपला ब्लॉक दुसऱ्या मिस्त्रीकडनं बसवून घेतलाय. टॅपेट जरा ढिलं ठिवलंय त्या गड्यानं, टकटक ऐकू येतीया." मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "पर सोता चालवत्यात की रं, बापू!"