मी मोडून टाकलेला लोखंडी माणूस

चिंचवडच्या आमच्या कंपनीत नवं मशिन बसवायला एक जपानी इंजिनिअर आले होते. जाडजूड चित्रकथेचं एक पुस्तक त्यांनी मला वाचायला दिलं. वाचायला म्हणजे बघायला. अक्षर लागण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी ती गोष्ट आमच्या मशिन शॉपमधल्या कामगारांना रंगवून सांगितली. समुद्रातून डोंगराएवढा लोखंडी माणूस येतो, शहर वाचवतो; मग कृतघ्न लोक त्याला शेडमध्ये नेऊन नटबोल्ट काढत सुटा करतात, आणि शेवटी एक म्हातारा कोऱ्या कागदापुढे एकटा बसतो. फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पुढे त्याच गोष्टीवर खरीखुरी माणसं घेऊन काढलेला जपानी सिनेमा कंपनीत दाखवायचं ठरलं. साहेबांनी तो मराठीतून समजावून सांगायला माईक माझ्या हाती दिला. "तुम्हाला जपानी येतं म्हणे."

मी नाही म्हणालो नाही. आता शॉपमधली माझी सगळी इज्जत त्या माईकवर होती, आणि ती बघायला मी थेरगावहून बायकोलाही आणलं.

रविवारी दुपारी कॅन्टीनच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. पहिलंच दृश्य आलं: म्हातारा, कोरा कागद.

"शेवटचं रीळ आधी लावलंय," मी माईकवरून ठणकावलं.

ऑपरेटरनं डबा पाहिला. "एक नंबरचंच हाय, राव."

म्हातारा त्यावर लोखंडी माणसाचा आराखडा काढू लागला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. जपानी पुस्तक आपण जिथं मिटतो तिथून उघडतं. मी अख्खं पुस्तक उलटं वाचलं होतं. जे मी मोडत होतो, ते ही माणसं बांधत होती.

मागून फोरमन म्हणाला, "काय हो, मोडायचं कधी?"

हशा पिकला. मी माईकवरच कबूल केलं की मला जपानी येत नाही आणि पुस्तक मी उलटं वाचलंय. पण पुढची टोमणेबाजी सुरू होण्याआधीच सगळ्यांच्या नजरा पडद्याकडे वळल्या. पडद्यावरची शेड आमच्यासारखीच होती: साखळीची कप्पी, वेल्डिंगच्या ठिणग्या, तेलानं माखलेले हात. एकेक पत्रा चढत गेला. छाती झाली, खांदे झाले. तो उभा राहिला तेव्हा डोकं पडद्याबाहेर गेलं, आणि आम्ही सगळ्यांनी माना वर करून कॅन्टीनच्या छताकडे पाहिलं. आयुष्यभर बोल्ट कातणारी माणसं आम्ही. कातलेला बोल्ट पुढं कुठं जातो, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

वेल्डरनं माझ्याकडून माईक घेतला. "हा जोड बघा. आतून मारलाय, बाहेरून दिसायचा न्हाई." मग क्रेनवाल्यानं मागितला. ज्याचं काम पडद्यावर यायचं, तो बोलायचा. मला कुणी विचारत नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटेना.

शहर वाचलं. लोखंडी माणूस पाठ फिरवून समुद्रात शिरला. पाणी गुडघ्यांवर, कमरेवर, खांद्यांवर आलं. यात आमच्यापैकी कुणाचंच काम नव्हतं, म्हणून माईक फिरत माझ्याकडे आला. मी तोंड उघडलं.

बायकोनं माझ्या मनगटावर हात ठेवला. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "नका सांगू. दिसतंय."