दहा वाव जाळं

"हात ताण. ताण म्हणते ना! खांदे काय शिवून ठेवलेत?"

असं म्हणून ती मला स्वतःच्या दारात उभं करायची, जाळ्याचं टोक माझ्या उजव्या हाताच्या बोटांत द्यायची आणि उरलेलं जाळं छातीवरून ओढत डाव्या हाताच्या टोकापर्यंत न्यायची. दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं भरेल तेवढं एक वाव. अशी दहा वाव तिला हवी असायची. मी धंद्याने शिंपी. गळ्यात टेप लोंबत असताना माझ्याच देहाची मोजपट्टी व्हावी, याचा मला राग यायचा. एकदा म्हटलं, "अक्का, टेप आहे की. इंचात सांगतो."

"इंचात पँट मोज," ती म्हणाली. "समुद्रात इंच नसतात."

समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या बसइतका लांब. आम्ही बंगळुरात, चामराजपेटेत. मधे अंगण, भोवती आठ बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक नळ, असं आमचं वठार. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ती नवरी होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. माहेर-सासर दोन्ही कारवारकडच्या किनाऱ्यावरचं, दोन्ही घरं छोट्या होडीवर जगणारी. नवरा इथे एका कारखान्यात फिटर होता. ती घरी बसून अगरबत्तीच्या काड्या वळायची. म्हणजे एकाच खोलीतून चंदनाचा आणि सुक्या बांगड्याचा वास यायचा. नळावर आलेल्या पाहुण्यांना नेमकं काय वाटायचं, देव जाणे.

घरमालक तर दर आठवड्याला नाकाला रुमाल लावून यायचे. "एनम्मा, वासने!" म्हणायचे, म्हणजे काय बाई हा वास! माझी आई मधे पडायची, "अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर ना." तुम्ही बंगळुरात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, या गावातलं निम्मं भांडण 'सरी', म्हणजे 'बरं, चालेल', या एका शब्दावर मिटतं. भाडं वाढलं, सरी. रिक्षावाल्याने लांबून नेलं, सरी. ही बाई पंचवीस वर्षं इथे राहिली, कानडी फाडफाड बोलायला शिकली, पण तो शब्द काही तिने उचलला नाही. मालकांकडे सरळ बघून ती म्हणायची, "मी सरी म्हणणार नाही. तुमच्या देवघरात जळते ती काडी कुणी वळली? ह्याच हातांनी." मालक रुमाल खिशात घालून जायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे.

आता जाळ्याचं सांगायला हवं, नाहीतर ही बाई कशासाठी भांडली ते कळायचं नाही.

त्यांच्या गावात होडी आणि मोठं जाळं एकट्याचं नसतं. वीस-पंचवीस घरं मिळून एक जाळं. प्रत्येक घराने आपापला दहा वाव तुकडा विणून आणायचा. नारळी पौर्णिमा झाली की सगळे तुकडे वाळूत मांडतात, एकमेकांना जोडतात आणि हंगाम सुरू होतो. होडी ते जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. ज्याचा तुकडा जाळ्यात, त्याचा मासळीत वाटा. मग तो माणूस मुंबईत असो नाहीतर बंगळुरात. अट दोनच गोष्टींची. तुकडा आपल्या घरात विणलेला हवा, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या घरातल्या कुणीतरी येऊन दोराला हात लावायला हवा.

तिचा नवरा त्यासाठी दरवर्षी चार दिवस रजा काढायचा. त्याच्या रजेला लोक तीर्थयात्रा म्हणायचे. गडी अबोल होता. पण पौर्णिमेच्या आधी तुकडा खांद्यावर टाकून बसस्टँडकडे निघाला की त्याची चाल बदलायची, हे मी दुकानातून पाहिलेलं आहे. मग वर्षभर अधूनमधून बसमधून वाट्याच्या सुक्या मासळीचं पोतं यायचं.

नव्वदीच्या मध्याला एका थंडीत तो गेला. छातीचं दुखणं होतं, बरीच वर्षं चाललं. तेराव्यानंतर महिन्याभरात दिराचं पत्र आलं. ती अडखळत वाचायची, पण लिहायला तिचा हात वळत नसे. म्हणून पत्रं माझ्याकडे यायची. मी मोठ्याने वाचलं, 'दादा गेला, त्याबरोबर त्याचा वाटाही मिटला. आपण तिकडे सुखी असावे.'

तिने काड्या वळायचं थांबवलं नाही. "लिही," म्हणाली. "वाटा मिटायला मी मेलेली नाही. तुकडा मी विणते आहे. जागा माझ्या घराची आहे, ती माझ्या घराची राहील. दुसऱ्याचा तुकडा तिथे जोडलात तर येऊन उसवीन."

इथे मी शहाणपणा केला. माझ्या वडिलांनी मला पत्रलेखन शिकवलं होतं. 'कृतानेक साष्टांग नमस्कार'शिवाय माझा हात पुढे सरकत नसे. उसवीन वगैरे एका विधवेने दिराला लिहायचं म्हणजे काय! मी दुकानात बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी एकटी पडले आहे. तरी आपण मोठ्या मनाने माझा विचार करावा, ही नम्र विनंती.' चांगलं केलं असंच मला वाटलं. रागाच्या पत्राने कुणाचं भलं झालंय? असं मी बायकोलाही सांगितलं.

पंधरा दिवसांत पोतं आलं. मीच ते बसस्टँडवरून आणलं आणि अंगणात उघडलं. आत खारवलेली सुरमई! हाताएवढे तुकडे, एकसारखे, वर मोठी सुकी कोळंबी. अख्खं वठार गोळा झालं. माझ्या बायकोने मनातल्या मनात आमटीला फोडणीसुद्धा दिली असणार. मी छाती फुगवून म्हटलं, "बघ अक्का, झालं की नाही काम?"

तिने पोत्यात हात घातला. तळापर्यंत चाचपलं. मग हात बाहेर काढून पदराला पुसला.

"हे वेचून पाठवलंय," ती म्हणाली.

"मग? चांगलंच वेचलंय की."

"वाट्यात वेचणी नसते रे. वाट्याचा ढीग असतो. चांगला, वाईट, काटेरी, मोडका, त्यात खेकडासुद्धा येतो. ज्याचा ढीग त्याला, कुणी डोळ्याने निवडायचं नाही. वेचून देतात ते भटाला, भिकाऱ्याला आणि माहेरवाशिणीला." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू काय लिहिलं होतंस?"

पोत्यात चिठ्ठी होती. ती मलाच वाचावी लागली. 'आपण केलेल्या विनवणीवरून थोडे पाठवीत आहे. यापुढेही सणासुदीला विसरणार नाही.' अंगणात आठ बिऱ्हाडांची माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मी काय लिहिलं होतं ते सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "माझ्या तोंडात तुझा शब्द घातलास. माझं तोंड काय वाईट होतं?"

मी आयुष्यात पुष्कळ कपडे बिघडवले, पैसे परत देऊन मोकळा झालो. ते पत्र मला आजही टोचतं.

पोतं तिने पुन्हा शिवलं. तेही माझ्याच दाभणाने. त्याच दिवशीच्या बसने ते परत गेलं. मालकांना पहिल्यांदाच वाईट वाटलेलं दिसलं, आणि माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवं पत्र अक्काने माझ्याकडून दुकानात, स्वतःच्या डोळ्यांदेखत लिहून घेतलं. नमस्कार नाही, विनंती नाही. तीन ओळी. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. 'सुरमई परत पाठवली आहे. तुकडा घेऊन पौर्णिमेला येते. दोराला मी हात लावणार.'

मग विणण्याने जोर धरला. काड्यांचं काम आटोपलं की खिडकीच्या गजाला जाळं अडकवून ती बसायची. बांबूची सुई, हिरवा नायलॉनचा दोरा, आणि मापाला लाकडाची एक पट्टी, म्हणजे जाळ्यातलं प्रत्येक घर सारखं पडतं. जाळं खोलीतून दारात, दारातून अंगणात आलं. शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजी त्यात पाय अडकून पडता पडता वाचल्या. आणि मला दर चार दिवसांनी हाक, "ये रे, हात ताण." कारण तिच्या हातांनी वाव कमी भरायची आणि मी तिच्या नवऱ्याच्या उंचीचा होतो. पत्र बिघडवल्यापासून मी टेपचं नावसुद्धा काढलं नाही.

पौर्णिमेला मी तिच्याबरोबर गेलो. तुकडा जड होता हे निमित्त. सकाळी आम्ही उतरलो तेव्हा गावातले पुरुष वाळूत तुकडे मांडून बसले होते. दीर पुढे आला. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. त्याने आधी मला पाणी विचारलं.

"वहिनी, तुम्ही घरात चला," तो म्हणाला. "हे बाप्यांचं काम. बाईने विणलेला तुकडा जाळ्यात गेला तर मासा पाठ फिरवतो. वाडवडिलांपासून चालत आलंय. मी एकट्याने कसं मोडू?"

"मोडून झालंय भावोजी," ती म्हणाली.

ती वाळूत बसली आणि बाजूला पडलेल्या गेल्या सालच्या जाळ्याचा काठ धरून सरकत सरकत चालली, एकेक गाठ अंगठ्याने चाचपत. सगळे बघत होते. एका जागी थांबली. "हा बघा."

ती डावखुरी होती. सगळ्यांच्या गाठी एका अंगाने फिरलेल्या, त्या दहा वावांतल्या उलट्या अंगाने.

"तुमचे दादा उजव्या हाताचे होते. शेवटची चार वर्षं त्यांना धाप लागायची, सुई धरवत नव्हती. तुकडे मी विणले, त्यांनी आणून दिले. चार हंगाम तुम्ही माझ्या हातच्या जाळ्यात मासा ओढलात. सांगा, कुठल्या साली रिकामं आलं?"

होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्हातारा नावाडी, गुडघ्यावर बसला. त्याने ती गाठ नखाने ओढून पाहिली, मग बाजूची, मग पुन्हा ती. "घट्ट आहे," म्हणाला. आणि कुणाकडेच न बघता, "गेल्या साली बांगडा ठेवायला टोपल्या पुरल्या नव्हत्या."

कुणीतरी हसलं. दीर हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटतं, भाऊ आपल्याशी चार वर्षं खोटं वागला हे त्याला लागलं असावं. तो हळूच म्हणाला, "पण वहिनी, हे सगळं कोणासाठी? मागे ना मूल ना बाळ."

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

तांडेलाने तिचा तुकडा उचलला आणि जागेवर ठेवला. जोडणारे जोडू लागले.

ती त्यानंतर बंगळुरात राहायला आली नाही, हे आधीच सांगून टाकतो. महिन्याभराने निरोप आला, भांडी वाटून टाक, खोली सोड. आता त्या खोलीत कॉम्प्युटर शिकणारी दोन पोरं राहतात. काही वर्षांनी ती गेल्याचंही कळलं. बातमी पोचायला उशीर झाला, म्हणून मला जाता आलं नाही. तेव्हा माझ्याकडे तिचं जे शेवटचं आहे ते त्याच सकाळचं.

होडी जाळं सोडून आली. माणसं दोराला लागली, एकामागे एक, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. तिने लुगडं वर खोचलं आणि गेली. दिराच्या मागची जागा तिच्या नवऱ्याची, पण ओळ गच्च भरलेली होती, मधे फट नव्हती. कुणी तिला ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. ती दोराच्या बाजूला, लाटेत उभी राहिली. पाणी यायचं, जायचं. माझी बसची वेळ होत आली होती आणि मला पाय उचलवत नव्हता. नको आता, मी मनात म्हणत होतो, चल परत, खूप झालं. ती हलली नाही.

मग दिराने मागे वळून न बघता एक पाऊल पुढे टाकलं. त्याच्या मागच्याने एक पाऊल मागे घेतलं. दोरावर दोन हातांपुरती जागा झाली.

"अक्का, निघतो मी!" मी किनाऱ्यावरून ओरडलो. तिने ऐकलं नाही. ती ओढत होती.