आरशातल्या रेणूंमधला फरक

ताई रेणूंचं गणित मांडायची आणि तिचा धाकटा भाऊ ते यंत्रावर तपासायचा. लग्न दोघांनीही केलं नाही. कामाशीच संसार थाटलाय, असं नातेवाईक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

काही रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. एक डावा, एक उजवा, आरशातली जोडी. अणू तेच, वजन तेच. पण अणूच्या केंद्रकातलं एक क्षीण बल म्हणे या जोडीत दुजाभाव करतं, आणि दोघांच्या ऊर्जेत नखाएवढाही नाही असा फरक पडतो. तो अजून कुणालाच मोजता आलेला नाही. ताईने क्वांटमच्या समीकरणांतून एका जोडीसाठी तो काढला, तर चांगला ठसठशीत निघाला! भावाने त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि तळघरात यंत्र उभारलं.

यंत्राला काही दिसेना. वर्षं गेली. हा बिचारा लेसर बदलायचा, आरसे पुसायचा, आणि सहकारी पाठीमागे म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." बोलायला काय जातं लोकांचं! पण हळूहळू त्यालाही ते पटलं. चांगला हसरा माणूस पार खचला.

परवा ताईने ते जुनं गणित सहज उघडलं आणि तिला स्वतःची चूक दिसली. उजवा रेणू म्हणजे डाव्याचं हुबेहूब प्रतिबिंब घ्यायला हवं होतं. तिने दोघांचे आकार संगणकाला वेगवेगळे ठरवू दिले होते. त्यात अणू किंचित इकडेतिकडे सरकले, आणि तो सरकण्यातला फरक तिने निसर्गाचा म्हणून मिरवला. गणित नीट मांडलं, तेव्हा हातात जवळजवळ काहीच उरलं नाही. सगळं मुसळ केरात.

ती तशीच तळघरात गेली आणि त्याला सगळं सांगून मोकळी झाली. "चूक माझी होती रे. तुझ्या हातात काही खोट नव्हती."

तो स्टुलावर बसला. "म्हणजे मी बरोबर मोजत होतो?"

"अगदी बरोबर."

त्याचा चेहरा उजळला. निदान एवढं तरी त्याच्या पदरात पडलं, असं ताईला वाटलं.

"आणि खरा फरक किती?"

"तुझ्या यंत्राला कधीच दिसणार नाही इतका."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "ताई, मी राजीनामा दिला गं. माझ्या हातून नीट मोजमाप होत नाही, असं लिहून दिलं. आज सकाळीच मंजूर झाला."

ताईला रडायलाही तोंड उरलं नव्हतं.